डॉक्टर विचारत राहिले

११ मार्च

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. सात वर्षांत मी किती फोन केले ते तुझ्या फोनला माहीत. तू उचलत नाहीस, आणि उचलावेस असं मी काही वागलेलेही नाही. पत्राचं एक बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान चालू आहे. ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून हे काउंटरवर बसतात आणि पंख्यांच्या, पंपांच्या मोटारी भरायचं काम माझ्या एकटीकडे आलंय. जळलेली तार कापून काढायची, खाचा घासून साफ करायच्या, मग नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची. मोजताना एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे काम करताना मी कुणाशी बोलत नाही आणि लोकांना वाटतं, ही बाई खडूस आहे. तू म्हणशील, लोकांना बरोबरच वाटतं.

तुझी लेक आता चौदा वर्षांची असेल. मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते. ते आले का, हेसुद्धा मला अजून कळलेलं नाही.

आपले डॉक्टर आठवतात ना? कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले, घोगऱ्या आवाजाचे. तू त्यांच्यावरही चिडलेली होतीस, माहीत आहे. आता थकलेत, पण दवाखाना चालू आहे. त्यांना गेली काही वर्षं एक खोड लागली आहे. बाई कशासाठीही आली, अगदी पाय मुरगळला म्हणून आली, तरी औषध लिहून झालं की विचारतात, "स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी शेवटची कधी केली होती?" ज्या आवाजात "झोप लागते का" विचारतात ना, त्याच आवाजात. बायका पदर, ओढण्या सावरत पळ काढतात.

तर सहज विचारते, तू कधी अशी तपासणी करून घेतली आहेस का? तुझीही चाळिशी उलटली. अगदी सहज हं.

माझी तब्येत उत्तम आहे. गुरुवारी दुकान बंद ठेवणार आहोत, थोडं बाहेरचं काम आहे.

तुझी,
ताई


२ एप्रिल

प्रिय चिंगे,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पण मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं, आणि ते गेले तीन आठवडे टोचतंय. माझी तब्येत उत्तम नव्हती. गुरुवारचं बाहेरचं काम म्हणजे हॉस्पिटलात माझ्या गर्भाशयाच्या तोंडाचा एक तुकडा काढायचा होता.

आधी हे वाच, म्हणजे छातीत धस्स व्हायला नको: मी बरी आहे. कॅन्सर नाही. नव्हता. आता नीट सांगते.

आई गेल्यापासून मी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मोटारीला लावायचं तापलेलं वार्निश माझ्या मनगटावर सांडलं. डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि त्यांचा तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही हाताचं बघा." त्यांनी हाताचं बघितलं आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहून दिलं, 'स्त्रीरोग तपासणी राहिली आहे.' पुढच्या वेळी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. मग मी गोळ्या आणायला ह्यांना पाठवायला लागले. तर डॉक्टर ह्यांनाच म्हणाले, "घरी सांगा, तपासणी राहिली आहे. बरोबर जा हवं तर." हे घरी आले ते कानापर्यंत लाल होऊन. निरोप द्यायचा म्हणून दिला आणि लगेच पंख्याचं पातं पुसायला घेतलं, जे आधीच पुसलेलं होतं.

मग मी काय केलं असेल? डॉक्टरच बदलला! बाजारापलीकडच्या एका नव्या डॉक्टरकडे तीन महिने गेले. त्यांनी कधी काही विचारलं नाही, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या गोळ्यांनी मला चक्कर यायला लागली आणि मी मुकाट्याने परत आले. वाटलं होतं, आपले डॉक्टर टोमणा मारतील. त्यांनी रक्तदाब घेतला, गोळी बदलली आणि म्हणाले, "बरं झालं आलात. तपासणी राहिली आहे हं."

जानेवारीत एका दुपारी ते स्वतःच दुकानात आले, दवाखान्यातला टेबलफॅन घेऊन. हे जेवायला गेले होते. मी फॅन उघडला. आत एवढा धुरळा की काय सांगू. मी सवयीने बोलून गेले, "डॉक्टर, आवाज यायला लागला तेव्हाच आणला असता तर एवढं बिघडलं नसतं." बोलले आणि जीभ चावली. म्हटलं, आता हे पकडणार, आता व्याख्यान होणार. पण ते नुसते हसले. म्हणाले, "तुम्ही बाई आहात, फॅन नाही. फॅनला भीती वाटत नाही. तुम्हाला कशाची वाटते, ते सांगा."

दोन वर्षं मी "वेळ नाही", "काही त्रास नाही", "पुढच्या महिन्यात बघू" असली उत्तरं पाठ करून ठेवली होती. पण कशाची भीती वाटते, असं कुणी विचारेल याची तयारी नव्हती. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो तसाच राहिला. मी म्हटलं, "कळेल म्हणून."

त्यावर आमचं आणखी बोलणं झालं. ते आत्ता लिहिण्याची हिंमत नाही. पुढच्या पत्रात लिहीन, नक्की लिहीन.

त्यांनी तिथूनच एका डॉक्टरबाईंना फोन लावला आणि शुक्रवारची वेळ घेतली. हे बरोबर आले. बाहेरच्या खोलीत वीस बायका आणि एकटे हे. नजर कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून भिंतीवरचा पाळी जाण्याच्या वयाबद्दलचा तक्ता पाठ होईपर्यंत वाचत बसले. घरी येताना मला म्हणतात, "तुला अधूनमधून एकदम गरम होतं ना, त्याचं कारण मला आज कळलं." बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा असलं काही बोलला.

आणि ती तपासणी, चिंगे! ज्यासाठी मी दोन वर्षं पळत होते ती पाच मिनिटांत झाली. दुखलं नाही. थोडं अवघडल्यासारखं झालं, एवढंच. डॉक्टरबाई वयाने तुझ्याहूनही लहान असेल. करण्याआधी प्रत्येक गोष्ट सांगत होती. आता हे करते, आता थंड लागेल, आता झालं. एका बारीक ब्रशने गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतल्या, बस्स.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. आपल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून तो वाचून दाखवला. "हा कॅन्सर नाही. पुन्हा सांगतो, कारण पहिल्यांदा ऐकू जात नाही. हा कॅन्सर नाही. पेशी बदलायला लागल्या आहेत. असंच सोडून दिलं तर काही वर्षांनी होऊ शकेल. आपण सोडून देणार नाही." 'आपण' म्हणाले, चिंगे. मी त्या एका शब्दाला धरून घरी आले.

मग दुर्बिणीतून बघितलं, तुकडा तपासला, आणि त्या गुरुवारी बदललेला भाग काढून टाकला. कशाने काढतात माहीत आहे? तारेच्या लहानशा फाशाने, त्यात वीज सोडून. मी टेबलावर झोपल्याझोपल्या विचारलं, "तार कसली? किती वॅट सोडता?" डॉक्टरबाई हसायलाच लागली. म्हणाली, "आजपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं." तिलाही नक्की माहीत नव्हतं. मशीनवरचा आकडा वाचून तिने मला सांगितला. जागा बधिर केली होती, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं आणि त्याच दिवशी घरी.

महिनाभर जड उचलायचं नाही. त्यामुळे मोटारी हे उचलतात, गुडघ्यांचं नाव घेत घेत. मी स्टुलावर बसून हुकूम सोडते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तुला आता कळलं ना, मी सहज का विचारत होते ते?

ताई


२७ एप्रिल

चिंगे,

पुढच्या पत्रात लिहीन म्हटलं होतं, ते हे. तीनदा लिहून फाडलं. तू कोर्टात दिवसभर लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतेस. तुझ्यासमोर शब्द बदलून चालत नाही, म्हणून यावेळी सरळच लिहिते.

आईच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला विचारलं होतंस, "ताई, तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "महिनाभर." तू म्हणालीस, "महिनाभर माहीत होतं आणि तू गप्प बसलीस?" आणि आई वारली त्या आठवड्यात तू निघून गेलीस ती पुन्हा आली नाहीस.

महिनाभर नव्हे. तेरा महिने.

आईला त्याच जागी कॅन्सर निघाला त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेले होते. न्हाणीघरात बादलीत तिचा परकर भिजत घातलेला होता. पाणी लाल होतं. तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. मी बाहेर येऊन विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होतं असं या वयात. कुणाला बोलू नकोस. डॉक्टरांना तर मुळीच नको, पुरुषमाणूस आहेत." मी म्हटलं, "बाईडॉक्टरकडे जाऊ." तर म्हणाली, "तुला माझी शपथ आहे."

आपली आई टेलिफोन खात्यात होती. सगळ्या गावाचे फोन जोडून दिले, आणि कानावर पडलेलं एक अक्षर कधी बाहेर काढलं नाही. तिने गप्प बस म्हटलं की त्याला वजन असायचं. पण खरं सांगू? मी शपथेमुळे गप्प बसले नाही. मला ते सोयीचं होतं. बोलले असते तर तिला न्यावं लागलं असतं, दुकान टाकावं लागलं असतं, आणि काय निघेल ते ऐकावं लागलं असतं. ती 'होतं असं या वयात' म्हणाली आणि मी ते उचलून घेतलं. मग दर भेटीत मी विचारायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." दोघी सुटायचो.

तेव्हा तू जे बोललीस ते खरं होतं. खरं असूनही कमी होतं.

त्या दुपारी दुकानात हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. जिवंत माणसांत पहिल्यांदा त्यांना. आपण रडतोय हेसुद्धा मला कळलं नाही. टेबलफॅनच्या जाळीवर टपटप पडायला लागलं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी फॅन माझ्यापुढून बाजूला सरकवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुझ्यासारखं उतरवून ठेवलं आहे.

"तुमच्या आई माझ्याकडे अकरा वर्षं येत होत्या. रक्तदाब, गुडघे, खोकला. भूक विचारली, झोप विचारली. हे एक विचारलं नाही. मनाशी म्हणायचो, वडीलधारी बाई आहेत, त्यांना संकोच वाटेल. संकोच मला वाटत होता. तुमच्या धाकट्या बहिणीने माझ्या दवाखान्यात येऊन विचारलं होतं, 'तुम्ही घरचे डॉक्टर ना? मग तुम्हाला कसं कळलं नाही?' त्या दिवसापासून विचारायला लागलो. बायका चिडतात. चिडू देत."

तू दवाखान्यात गेली होतीस, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

म्हणजे बघ, त्यांना ही खोड तू लावलीस. तू त्यांना विचारलंस म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि दोन वर्षं मी उडवून लावलं तरी विचारत राहिले. मी आज मोटारी भरत बसले आहे ती तुम्हा दोघांमुळे, डॉक्टरांमुळे आणि तुझ्यामुळे. तुझ्या रागामुळे मी वाचले, चिंगे. तुझे आभार मानायचे होते. ते मानायला हे कबूल करावं लागणार होतं, म्हणून एवढा उशीर.

माफ कर असं लिहीत नाही. फक्त तपासणी करून घे. डॉक्टर म्हणाले, हा काही आईकडून मुलीला मिळणारा आजार नाही, तेव्हा ती भीती मनात नको. पण प्रत्येक बाईने तपासून घ्यायचं, त्रास असो नसो. त्रास सुरू होण्याआधीच घ्यायचं.

ताई


८ जून

चिंगे,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होते. पण पुन्हा खोटं नको. रोज पोस्टमन दुकानावरून पुढे गेला की मी वेढे मोजायला चुकते.

सांगण्यासारखं एवढंच. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाई आहेत, पन्नाशीच्या. डॉक्टरांनी त्यांनाही चिठ्ठी दिली होती आणि त्यांनी ती कागदांच्या गठ्ठ्याखाली दाबून टाकली होती. मी जाऊन म्हटलं, "उद्या अकराला दुकान बंद करा, मी बरोबर येते." म्हणाल्या, "मला काही होत नाही हो." मी म्हटलं, "मलाही काही होत नव्हतं." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या दिवशी पावणेअकराला कुलूप लावून रस्त्यावर तयार उभ्या. त्यांचं सगळं ठीक निघालं. खुशीत त्यांनी डॉक्टरांच्या 'तपासणी राहिली आहे' या ओळीच्या दोनशे प्रती मोठ्या अक्षरांत काढून दवाखान्यात नेऊन दिल्या. डॉक्टर म्हणाले, "आता माझा घसा वाचेल." पण विचारायचं काही थांबवलेलं नाही.

ताई


१२ सप्टेंबर

माझ्या चिंगे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. ह्यांनी ते काउंटरवरून दोन्ही हातांत धरून माझ्यापर्यंत आणलं, काचेची वस्तू असावी तसं. मी वाचत असताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बाहेर जाऊन उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना सांगत होते, "थोड्या वेळाने या, आत महत्त्वाचं काम चालू आहे."

दोन पानं. चारदा वाचली.

तू लिहिलंस, "ताई, आईने मलाही सांगितलं होतं. त्याच वर्षी, फोनवर. मी कोर्टात निघाले होते, एक पाय बुटात होता. मी म्हटलं, वयाचं असेल, ताईला विचार. आणि विसरले. खरंच विसरले. हॉस्पिटलात डॉक्टर बोलत होते तेव्हा एकदम आठवलं. आणि जिन्यात येऊन मी तुझ्यावर ओरडले."

सात वर्षं तू ते बरोबर घेऊन फिरलीस! मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावली आहेस म्हणून बोलत नाहीस. आणि तू लिहितेस की माझा आवाज ऐकला की तुला तो बूट आठवतो.

इथे तुझ्या मांडीवर हात ठेवून बसता आलं असतं तर बरं झालं असतं. ते येत नाही म्हणून लिहिते. तू मिनिटभर ऐकलंस, मी वर्षभर बघितलं, डॉक्टरांनी अकरा वर्षं विचारलं नाही. कुणाचं किती, हे मोजत बसायचं नाही. मोजणं हा माझा धंदा आहे, आणि मीच सांगते की हे मोजता येत नाही.

पण तुझं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जिने जन्मात कुणाचं गुपित फोडलं नाही ती आपली आई, तिने स्वतःचं हे एवढं दोघी लेकींना सांगितलं. मला बादलीजवळ, तुला फोनवर. कुणाला बोलू नकोस म्हणत म्हणत सांगितलं. तिला वाचायचं होतं गं. कुणीतरी दंडाला धरून न्यावं, असंच तिला वाटत होतं. तेव्हा ते आपल्याला ऐकू आलं नाही. मला आता ऐकू आलं.

आणि म्हणून तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला ऐकू आली. वर दोन पानं भरून लिहिलंस आणि खाली बारीक अक्षरांत, कुणाला दिसू नये असं: "तपासणी केली. रिपोर्टमध्ये काहीतरी आहे, १६ तारखेला मंगळवारी पुन्हा बोलावलंय. काळजी करू नकोस, मी जाईन एकटी."

आईचीच लेक तू.

मी सोमवारी संध्याकाळी पोहोचते. नको म्हणायला वेळ नाही, हे पत्र तुझ्या दारात पडेल तेव्हा मी गाडीत बसलेली असेन. हे म्हणाले, "मी दुकान बघतो, तू जा." गुडघ्यांचा उल्लेखसुद्धा केला नाही.

ताई


४ ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

पोहोचले ते फोनवर सांगितलंच. रोज बोलतोय आपण, तरी हे पत्र लिहिते आहे. काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडून निघत नाहीत आणि आता पत्राची सवयही लागली आहे.

आधी माझं. सहा महिन्यांची तपासणी झाली, रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरबाई म्हणाली, आता वर्षाने या. तो रिपोर्ट घेऊन मी सरळ कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा वाचला. मी तुझंही सांगितलं. म्हटलं, "बहिणीचं साधी सूज आहे म्हणाले, पंधरा दिवसांच्या औषधाने बरी होईल, आणि वर्षाने पुन्हा तपासायचं." ते म्हणाले, "त्यांनी करून घेतली?" मी म्हटलं, "घेतली. तुमच्यासाठी निरोपही दिलाय, तेव्हा मी फार बोलले, आता विचारत राहा म्हणावं." त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. मी आभार कसे मानू म्हणायला लागले तर म्हणाले, "पुढची तारीख लक्षात ठेवा, तेवढं पुरे." आणि बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला हाक मारली. रुमाल मात्र लगेच खिशात गेला नाही.

लेकीला हा कॅन्सर होऊ नये म्हणून देतात त्या लशीचं तुझ्या डॉक्टरांना विचारलंस का? आठवणीने विचार. तिचे दात अगदी छान आलेत. माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे आणि मला 'मावशी' म्हणताना अजून अडखळते, तरी म्हणते. निघताना तिने माझ्या पिशवीत स्वतःची खोडरबरं का घातली असतील, ते मला अजून उमगलेलं नाही. मी ती वार्निशच्या डब्यांपासून लांब ठेवली आहेत.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते.

सोमवारी तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "चपला बाहेर काढ, फरशी पुसली आहे." सात वर्षांनी एवढंच. मी चपला काढल्या. मग तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि ती इतकी घट्ट धरलीस की स्वयंपाकघरात गेल्यावरही खाली ठेवली नाहीस. ती पिशवी धरूनच तू चहा टाकलास. मी कप विसळायला घेतले. बोलले असते तर दोघींचं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं तुला कदाचित आठवणार नाही, कारण तू घाबरलेली होतीस. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीत ती चष्मेवाली बाई फॉर्म भरत होती. तुझं वय विचारलं, पत्ता विचारला, औषध चालू आहे का विचारलं. मी दोन पावलं मागे उभी होते, तुझी पर्स धरून. मला वाटत होतं, तिने मला काही विचारू नये. कोण म्हणून सांगणार होते मी?

मग ती मान वर न करता म्हणाली, "सोबत कोण आहे? नातं काय?"

तू मागे वळलीस. माझ्याकडे बघितलंस. आणि तिला सांगितलंस, "बहीण. मोठी बहीण आहे माझी."

त्या बाईने ते लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. रोज शंभर जणांचं लिहीत असेल ती.

मला मात्र डॉक्टरांची, त्या डॉक्टरबाईची, ह्यांची, सगळ्यांची एकदम आठवण झाली. कुणी कुणी ढकलत, विचारत, चिडवत मला त्या खिडकीपर्यंत आणून उभं केलं होतं! मंगळवारी सकाळी साडेदहाला, जिवंत, तुझ्या मागे.

औषध वेळेवर घे.

तुझी,
मोठी बहीण